मेणदोऱ्याचे टाके

ता. ३ जून

ती. ताई यांना,
धाकटीचा नमस्कार.

शेवटचं आधी सांगून टाकते, म्हणजे वाचता वाचता तुम्ही चष्मा आपटणार नाही. हे बरे आहेत. काल संध्याकाळी बाजारातल्या मोठ्या दुकानापुढे ताडपत्रीचं छत बांधत होते, तेव्हा शिडी सरकली. पडताना डावी पोटरी कुंपणाच्या लोखंडी टोकात अडकून फाटली आणि तोच पाय खाली गटारात गेला. तिथून घरापर्यंत चालत आले, तेही शिडी खांद्यावर टाकून, कारण शिडी शेजाऱ्यांची होती आणि ती कुणी उचलून नेली असती तर यांना म्हणे तोंड दाखवायला जागा उरली नसती.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात टाके घालून घेतले. रक्त थांबलं आहे. टाके इतके एकसारखे पडलेत की हे मान वळवून वळवून आपलीच पोटरी बघतात. पाय उशीवर ठेवून मला हुकूम सोडणं चालू आहे. कारखान्यात दोन तंबूंचं काम अर्धं पडलंय, ते मी पुढे नेते. तुम्ही काळजी करू नका आणि भावोजींना सोडून यायचं तर मनातही आणू नका. त्यांच्या डोळ्यांची पट्टी सुटली का?

तुमची,
धाकटी

*

ता. ६ जून

चि. सौ. धाकटी हिला,
आशीर्वाद.

टिल्लूला सांग, वयाची चाळिशी आली, दाराच्या चौकटीला डोकं आपटतं एवढा उंच झालास, तरी शिडी धरायला खाली माणूस उभं करायचं ते काही तुला सुचलं नाही. आबा गेल्यावर मी त्याला वाढवलं, कारखाना शिकवला, सगळं शिकवलं, पण अक्कल काही शिकवता आली नाही. हे त्याला मोठ्याने वाचून दाखव.

लगेच टाके घातले हे बरं केलंत. आबांच्या वेळेपासून आपल्या कारखान्याचा नियमच आहे की फाटलेलं रात्रभर उघडं ठेवायचं नाही, दिसलं की आधी शिवायचं आणि मग जेवायचं. ताडपत्री काय आणि कातडं काय, उघडं राहिलं की फाटत जातं.

पण एक सांग. कोपऱ्यावर दवाखाना कधी निघाला? मी होते तेव्हा तिथे घड्याळवाला बसायचा. आणि तुझ्या पत्रात डॉक्टर कसा आहे, काय म्हणाला, पुन्हा कधी बोलावलंय, यातलं एक अक्षर नाही. तू एरवी कापडाच्या ताग्याची किनार कशी होती तेही लिहिणारी. म्हणून विचारते.

आमच्याकडे पट्टी सुटली, पण डावा डोळा आधीपेक्षाही धूसर झालाय. डॉक्टर म्हणतात, धीर धरा. त्यांच्या डोळ्यांनी बघायचं नसतं म्हणून त्यांना धीर धरता येतो.

तुझी ताई

*

ता. ८ जून

ती. ताई यांना,
नमस्कार.

हे पत्र मी मोठ्या इस्पितळाच्या व्हरांड्यातून लिहिते आहे. आम्ही परवापासून इथे आहोत.

तिसऱ्या दिवशी यांचा पाय ठणकू लागला. ठणका म्हणजे काय, हे उशी चावत होते. टाक्यांच्या दोन्ही बाजूंनी पोटरी फुगून चकाकायला लागली, मग जांभळी झाली, मग एका जागी काळपट. बोटाने दाबलं तर आत काहीतरी कुरकुरायचं, आणि वास असा की मी खिडक्या उघडल्या. ताप चढला आणि हे मला आबा समजून बोलायला लागले तेव्हा मी हातगाडी बोलावली.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला, नाकाशी वाकून वास घेतला आणि जागच्या जागी सगळे टाके कापले. तासाभरात यांना आत नेलं. बाहेर आणलं तेव्हा पायाला मोठं बासन गुंडाळलेलं होतं. काल पट्टी बदलताना मी तिथेच होते. ताई, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाय उघडा आहे. अर्धी पोटरी नाही. आत मिठाच्या पाण्यात भिजवलेले कापडाचे बोळे कोंबलेत आणि वरून नुसती पट्टी. एकही टाका नाही. मी विचारलं, शिवणार कधी? बाई म्हणाल्या, इतक्यात नाही. उद्या पुन्हा आत नेऊन आणखी कापायचं आहे, आणि मग एक दिवसाआड बघत राहायचं.

बाई फार बोलत नाहीत. पण माझ्याकडे बघतात. टाके कुणी घातले म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. परिचारिकेलाही काहीतरी कानात सांगत होत्या आणि मी वळले तशा गप्प झाल्या. मला त्यांची भीती वाटते.

घड्याळवाला मागेच गेला. त्याच्या जागी दवाखाना आहे. डॉक्टर म्हातारे आहेत.

धाकटी

*

ता. १० जून

चि. सौ. धाकटी हिला,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी डोक्यात जास्तच गेलं. एकसारखे पडलेले, रक्त थांबवलेले टाके त्या बाईने कापले. बरं कापले, तर पुन्हा घालायचे. ते नाही. उलट पाय उघडा टाकून एक दिवसाआड आत न्यायचं आणि थोडं थोडं कापायचं. हा कुठला औषधोपचार? मला विचारशील तर यात नक्की काहीतरी गोम आहे. मोठ्या इस्पितळात शिकाऊ मुलं असतात, त्यांना हात बसवायला कुणाचा तरी पाय लागतो. आमच्याकडच्या डोळ्याचं असंच झालं. आधी म्हणाले किरकोळ आहे, मग म्हणाले पुन्हा बघू, आणि आता माझ्याकडे न बघता बोलतात.

ज्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी टाके घातले त्यांना बोलावून घे. हात जोड, पाया पड, गाडी करून आण. ज्याने शिवलं त्यालाच कळतं आत काय होतं ते. त्यांनी पाय बघितल्याशिवाय पुढे काही होता कामा नये. तसं मी टिल्लूला वेगळी चिठ्ठी लिहून याच पाकिटात घातली आहे, ती त्याच्या हातात दे. त्या डॉक्टरीणबाईंनाही मी वेगळं पत्र टाकलं आहे आणि त्यात काही मऊ शब्द वापरलेले नाहीत.

आणि आता तुझ्याबद्दल. तू ताकास तूर लागू देत नाहीस. डॉक्टर म्हातारे आहेत एवढ्याने माझं समाधान होईल असं तुला वाटलं? त्यांचं आडनाव सांग. मी तुला नवी नवरी असल्यापासून ओळखते. तू काही लपवायला लागलीस की तुझी वाक्यं आखूड होतात.

ताई

*

(सोबतची चिठ्ठी)

टिल्लू,

ज्यांनी टाके घातले ते डॉक्टर येऊन पाय बघेपर्यंत कुठल्याही कागदावर सही करायची नाही आणि त्या खोलीत जायचं नाही. पाय तुझा आहे, त्यांचा नाही. तू माझं कधी मोडलं नाहीस, आताही मोडू नकोस.

ताई

*

ता. १३ जून

श्रीमती ताई यांना,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. त्यात तुम्ही मला कसाई म्हटलं आहे. हा शब्द मी याआधीही ऐकला आहे, त्यामुळे त्याबद्दल लिहीत बसत नाही. मला घाई आहे आणि माझं तुमच्याकडे काम आहे.

तुमच्या भावाची जखम गटारातल्या चिखलाने भरलेली होती. अशा जखमेत असे जंतू शिरतात ज्यांना हवा सोसत नाही. वरून कातडी बंद केली की त्यांना हवं तसं घर मिळतं. ते आतल्या आत मांस मारत जातात, मेलेल्या मांसात आणखी वाढतात, वायू सोडतात, आणि विष रक्तात उतरतं. नुसतं इंजेक्शन तिथे पोचत नाही, कारण मेलेल्या मांसात रक्तच जात नाही. म्हणून ते कापून काढावं लागतं. चिमटा लावल्यावर जे आकसतं आणि कापल्यावर ज्यातून रक्त येतं ते जिवंत, तेवढं मी ठेवते. पहिल्या दिवशी जिवंत वाटलेलं दोन दिवसांनी मेलेलं निघू शकतं, म्हणून पुन्हा बघायचं. सगळं लाल आणि स्वच्छ झालं की मग टाके. त्याआधी घातलेला एकेक टाका त्याच्या जिवावर उठेल. पाय मी मुद्दाम उघडा ठेवला आहे. निष्काळजीपणाने नाही.

काल संध्याकाळपासून तुमचा भाऊ आत यायला नकार देतो आहे. कारण सांगत नाही. 'ताई म्हणाली' एवढंच म्हणतो आणि भिंतीकडे तोंड करतो. मी समजावलं, रागावले, शेवटी खुर्ची ओढून त्याच्याजवळ नुसती बसून राहिले. तापाचा आकडा मला आवडत नाही आणि काळेपणा गुडघ्याकडे सरकतो आहे. तुम्ही त्याला लिहा. तार करा. माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल.

आणखी एक. ज्या दवाखान्यात हे टाके घातले त्याचं नाव तुमच्या भावजय सांगत नाहीत. कुणाला तरी पाठीशी घालत आहेत असा मला संशय आहे. मला नाव हवं आहे, कारण उद्या आणखी कुणाचा पाय तिथे असाच शिवला जाईल. कुठल्याही डॉक्टरकडे असा दोरा मी पाहिलेला नाही. जाड, तपकिरी, मेण लावलेला. प्रत्येक टाका सुटा, दुहेरी गाठ, आणि गाठीचं शेपूट परत गाठीखाली खोचलेलं. काम फार निगुतीने केलं होतं. त्यामुळेच आतली घाण इतकी छान बंद झाली.

आपली,
शस्त्रक्रिया विभागातली डॉक्टर

*

ता. १५ जून

धाकटी,

सकाळी त्या डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं. वाचून पायांत चपला न घालता तारघरात गेले आणि टिल्लूला तार केली. 'सही कर. आत जा. ताई.' ती तुला पोचली असेलच. आता तुझ्याशी बोलते.

मेणाचा तपकिरी दोरा. दुहेरी गाठ. शेपूट गाठीखाली खोचलेलं.

ती गाठ मी आबांकडून घेतली नाही, माझी मी काढली. पाऊस गाठीच्या शेपटावरून आत झिरपतो म्हणून. ती घालणारे हात जगात तीनच आहेत. माझे हात इथे होते. टिल्लूचे हात स्वतःच्या पोटरीच्या मागे पोचत नाहीत. उरलं कोण ते मी लिहायला हवं का?

कोपऱ्यावर अजूनही घड्याळवालाच बसतो ना?

माझ्याशी खोटं का बोललीस? मला घाबरलीस म्हणून? की आणखी काही आहे? मी रात्रभर नाही नाही ते मनात आणलं, तेही सांगते, कारण मला पोटात ठेवता येत नाही. कारखाना तुझ्या हाती यावा, तो अंथरुणावर राहावा, मी लांब राहावी, असलं सगळं मनात आणलं. पहाटे माझी मलाच लाज वाटली, तरी ते पूर्ण गेलं नाही. तू खोटं बोललीस की माणूस कुठवर विचार करत जातं ते तुला कळावं म्हणून लिहिते.

म्हातारा डॉक्टर तू उभा केलास. मी त्याच्यावर विश्वास टाकला. जगात नसलेल्या माणसाच्या भरवशावर माझ्या भावाला मी दारात अडवून ठेवलं. आता जे होईल ते कुणी केलं म्हणायचं?

ताई

*

ता. १६ जून

ती. ताई यांना,
नमस्कार.

यांचा डावा पाय काल दुपारी काढला. गुडघ्याच्या वरून. हे जिवंत आहेत.

तुमची तार संध्याकाळी आली. तोवर झालं होतं. सकाळपासून हे शुद्धीत नव्हते, ओठ निळे पडले होते, नाडी बोटाखालून पळत होती. बाई म्हणाल्या, आता पाय की माणूस एवढंच ठरवायचं आहे, आणि तेही लगेच. यांच्या उशाखाली तुमची चिठ्ठी होती. मला ती पाठ आहे. तरी सही मी केली. तुमचं मोडलं म्हणून तुम्ही मला काय म्हणाल याचा त्या वेळी मला विचारही आला नाही, हे खरं सांगते. नंतर आला.

आता दुसरं खरं सांगते. कोपऱ्यावर दवाखाना नाही. टाके मी घातले.

हे घरी आले ते सरळ कारखान्यात जाऊन कापड बेतायच्या टेबलावर पालथे पडले. मी म्हटलं, इस्पितळात जाऊ. हे म्हणाले, 'ताईने एवढ्यात शिवूनसुद्धा टाकलं असतं.' मग मी वाकडी सुई उकळली, दोरा उकळला, पुन्हा मेण लावलं, पाय साबणाने धुतला. वरून अगदी स्वच्छ दिसत होता. आत बोट घालून धुवायचं असतं हे मला कुठे माहीत. यांनी कमरेचा पट्टा दातांत धरला आणि मी शिवलं. हात अजिबात हलला नाही. शेवटची गाठ मारली तेव्हा रक्त थांबलेलं होतं, आणि ताई, मला अभिमान वाटला. तुम्ही बघितलं असतंत तर पहिल्यांदा मला नावं ठेवली नसतीत, असं मनात आलं.

तुम्ही टाक्यांचं कौतुक लिहिलंत त्याच दिवशी मी यांना इथे आणत होते. मग कुठल्या तोंडाने सांगू? बाई बघायच्या तेव्हा वाटायचं यांना कळलंय, या मला पोलिसांत देणार. तुमचं पत्र आलं की वाटायचं तुम्हाला कळलंय, तुम्ही मला घरातून काढणार. आणि हे भिंतीकडे तोंड करून पडायचे तेव्हा वाटायचं, यांना माझं तोंड बघवत नाही. मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. यांचा सगळ्यात जास्त.

काल बाई बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्या बाकावर माझ्याशेजारी बसल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, 'तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तरी मी तेच टाके कापले असते. पण तुमच्या नणंदबाईंना ते कुणाचे हे कळलं असतं.' एवढं बोलून त्या दुसऱ्या रोग्याकडे गेल्या. मला त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

राहिलेली मांडीसुद्धा त्यांनी अजून शिवलेली नाही. उघडीच आहे. आता मी शिवणार कधी म्हणून विचारत नाही.

धाकटी

*

ता. १८ जून

धाकटी,

तू पत्र लिहिलंस तेव्हा माझं आधीचं टपालात होतं. ते आलं असेल तर उघडू नकोस. उघडलं असशील तर उघडलंस, आता काय. त्यातला कारखान्याबद्दलचा मजकूर माझा नाही असं मी म्हणणार नाही, माझाच आहे, पण तो लिहिणारी बाई आज मला ओळखीची वाटत नाही.

पाय गेल्याचं वाचून मी रडले. आमच्याकडच्यांना धड दिसत नाही म्हणून नीट ऐकू येतं, ते उठून चाचपत माझ्याजवळ आले. त्यांना मी सांगितलं की टिल्लूला पहिल्यांदा चालायला मी शिकवलं होतं, आबांच्या कारखान्यात, तंबूच्या दोन खांबांमध्ये.

डॉक्टरीणबाईंना मी लिहिलं आहे. कसाई म्हटल्याबद्दल माफी मागितली. टाके तुझ्या हातचे हे तू त्यांना सांगितलंसच, म्हणून मी एवढंच वर लिहिलं की तो दोरा, ती गाठ आणि ते उघडं न ठेवण्याचं खूळ माझ्याकडून गेलेलं आहे, आणि दोन दिवस त्याला दारात अडवून धरलं तेही मीच. त्यांना विचारलं, ते दोन दिवस अडले नसते तर पाय वाचला असता का. उत्तराची मला भीती वाटते.

पण आता हे सांग. टिल्लू मला का लिहीत नाही? आता तरी शुद्धीवर आलाय ना? तो लिहायचं म्हणतो आणि तू कागद देत नाहीस असं तर नाही? की त्यानेच माझं नाव टाकलंय? जे असेल ते सांग. या वेळी लांब वाक्यांत सांग.

तुझी ताई

*

ता. ४ जुलै

ती. ताईला,
टिल्लूचा शिरसाष्टांग नमस्कार. साष्टांग घालायला आता एक अंग कमी आहे, चालवून घे.

कागद मला कुणी नाकारला नाही. धाकटीने रोज उशाशी आणून ठेवला. मीच लिहीत नव्हतो, कारण तुझी पत्रं मी वाचत होतो आणि तिने तुला काय लिहिलं ते तिच्याकडून ऐकत होतो. तिने सगळी दिली, तुझं ते कारखान्याचं सुद्धा. वाचून मजा वाटली. पाय माझा गेला आणि त्याचा दोष तुम्ही दोघींनी आपसांत वाटूनही घेतलात. मला विचारायला कुणी आलंच नाही. म्हणून आता न विचारता सांगतो.

शिवायला मी सांगितलं. ती इस्पितळ, इस्पितळ करत होती. मला सुट्टी नको होती, बाजारातलं छत अर्धवट लटकत होतं. तुझं नाव घेतलं की ती गप्प बसते हे मला ठाऊक आहे, म्हणून तुझं नाव घेतलं. सुई तिच्या हातात मीच दिली.

आणि आत जायला मी नाही म्हणालो, ते तुझ्या चिठ्ठीमुळे नाही. म्हातारा डॉक्टर कुठेच नाही हे मला माहीत होतं ना! मी घाबरलो होतो. दोनदा आत गेलो होतो आणि दोन्ही वेळा माझं थोडं थोडं तिकडेच राहिलं. तिसऱ्यांदा जायची माझी छाती नव्हती. चाळिशीचा माणूस डॉक्टरीणबाईंना मला भीती वाटते असं सांगणार कसा? तुझी चिठ्ठी आली आणि मी तिच्यामागे लपलो, लहानपणी तुझ्या पदरामागे लपायचो तसा. ती आली नसती तर मी दुसरं काहीतरी काढलं असतं. बायकोला वाटलं मी तिच्यावर रागावून भिंतीकडे तोंड केलंय. मला रडताना कुणी बघायला नको होतं, एवढंच.

तू बाईंना विचारलेलं मी पण विचारलं. दोन दिवस फुकट गेले नसते तर पाय वाचला असता का? त्या म्हणाल्या, 'मला माहीत नाही. वाचलाही असता, गेलाही असता. खोटं सांगून तुम्हाला हलकं करणार नाही आणि जडही करणार नाही.' इतके दिवस इथे सगळे एकमेकांकडे चोरासारखे बघत होते, त्यात मला हे उत्तर फार बरं वाटलं. तुलाही त्या तेच लिहितील.

मांडी रोज धुऊन, बघून, शेवटी मागच्या आठवड्यात त्यांनी शिवली. आत नेण्याआधी मला दाखवली. लाल, ओली, स्वच्छ. म्हणाल्या, आता बंद करायला हरकत नाही. टाके तुमच्या दोघींइतके एकसारखे नाहीत, पण हे त्यांना लिहू नकोस. उद्या घरी सोडतील.

आता कामाचं. आल्या दिवसापासून धाकटीने सुई धरलेली नाही. कारखाना बंद आहे. माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं, ते तिने परिचारिकेकडून लावून घेतलं. कुणी सुईदोरा पुढे केला की ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते. मी बघतो आणि दुसरीकडे पाहतो. पाय गेला तो गेला, पण हे मला बघवत नाही, ताई. मी म्हटलं तर ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल.

म्हणून या पाकिटाबरोबर माझ्या दोन विजारी तुला पाठवतोय. डावी बाजू मांडीपाशी कापायची आहे आणि टोक बंद करायचं आहे. नाहीतर रिकामं कापड कुबडीत अडकून मी पुन्हा पडेन. कापून, खडूने खूण करून दोन्ही परत पाठव, आणि शिवण धाकटीच्या हातची हवी असं तिला तूच लिही. गाठ तुझ्या पद्धतीची, शेपूट आत खोचलेलं. भीती वाटली तर तिला सांग, डॉक्टरीणबाईंसारखं मीही आधी उघडून नीट बघितलंय. या वेळी आत काही नाही. बंद करायला हरकत नाही.

तुझा,
टिल्लू